एआर-३ए स्पीकरला जुना रिसीव्हर: किती वॉटचा, कोणता, आणि ११० व्होल्टचं काय करायचं?

केदार_कोथरूड

नमस्कार मंडळी. आत्येभाऊ बॉस्टनहून कायमचा परत येतोय आणि त्याच्या कंटेनरमधून माझ्यासाठी अकूस्टिक रिसर्चच्या एआर-३ए स्पीकरची जोडी येतेय. सोबत सत्तरच्या दशकातला एखादा रिसीव्हरही (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) तिथूनच घेऊन टाकावा असा विचार आहे. वेगळा प्री आणि वेगळा पॉवर ॲम्प नको. एफएम आणि फोनो (टर्नटेबलची जोडणी) दोन्ही हवंच.

खोली १२ बाय १४ फूट, बसायची जागा स्पीकरपासून साधारण ३ मीटर. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यपदं, थोडं जॅझ. शेजारधर्म पाळावा लागतो, त्यामुळे भिंती हादरवायच्या नाहीत.

भावाच्या आसपास हे तीन मिळताहेत:
१) मॅरँट्झ २२३०, ३० वॉट, दिसायला देखणा
२) पायोनियर एसएक्स-७८०, ४५ वॉट, विकणारा म्हणतो "फुल सर्व्हिस झालंय"
३) यामाहा सीआर-१०२०, ७० वॉट, एक चॅनेल मधूनच गायब होतो म्हणून स्वस्त

तिन्ही १२० व्होल्टचे. ३० वॉट पुरतील का? स्पीकर ४ ओमचे आहेत, त्याने कितपत फरक पडतो? आणि स्टेप-डाउनवर (आपले २३० व्होल्ट उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवणं कितपत शहाणपणाचं?

---

ओमकार_४ओम

आधी स्पीकर समजून घ्या, रिसीव्हर आपोआप ठरेल. एआर-३ए १९६७ चा: १२ इंची वूफर, दीड इंची डोम मिडरेंज, पाऊण इंची डोम ट्वीटर, आणि पूर्ण बंद पेटी. बंद पेटीतली हवाच वूफरला स्प्रिंगसारखी मागे खेचते. त्यातून बास खोल आणि स्वच्छ येतो, पण बदल्यात स्पीकर पॉवर खातो. कंपनीच तेव्हा चॅनेलमागे किमान २५ वॉट सांगायची, आणि ते किमान होतं हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या खोलीचा हिशोब. १ वॉटला १ मीटरवर ८५ डीबी धरू. ३ मीटरवर, खोलीचा परावर्तित आवाज जमेस धरून, साधारण ६ डीबी वजा. दोन स्पीकर वाजतात म्हणून ३ अधिक. म्हणजे चॅनेलमागे १ वॉटला तुमच्या कानाशी ८२ डीबी. सरासरी ८० डीबीला ऐकलंत (हे घरात चांगलं मोकळं ऐकणं झालं) तर तबल्याच्या थापेला किंवा पखवाजाला शिखर सहज १०० पर्यंत जातं. ८२ वरून १०० म्हणजे १८ डीबी, म्हणजे ६३ पट. चॅनेलमागे साधारण ६३ वॉट, तेही क्षणभरच. पण तो क्षण ॲम्पला पेलला नाही तर थाप चपटी होते आणि क्लिपिंगचा (आवाजाच्या लाटेची टोकं कापली जाण्याचा) कचरा थेट ट्वीटरवर जातो. कमी वॉटच्या ॲम्पने ट्वीटर जळतात ते असे.

४ ओमचा प्रश्न याहून महत्त्वाचा. ६३ वॉट ८ ओमला द्यायला २.८ अँपिअर लागतात, ४ ओमला जवळपास ४, आणि शिखराला साडेपाचच्या पुढे. शिवाय तोच व्हॉल्यूम ठेवून ८ च्या जागी ४ ओम जोडले की आउटपुट ट्रान्झिस्टरवरची उष्णता दुप्पट. म्हणून डायलजवळ लिहिलेले वॉट बघण्याआधी ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कॅपॅसिटर आणि हीटसिंक किती मोठे आहेत ते बघायचं. मागच्या पॅनलवर स्पीकर टर्मिनलपाशी किमान किती ओम चालतील ते छापलेलं असतं, त्याचा फोटो भावाकडून मागवा. "४ ते १६" असेल तर ठीक. त्यातही "एक जोडी ४, दोन जोड्या ८" अशी अट असते. म्हणजे स्पीकर ए आणि स्पीकर बी या कळा एकत्र दाबायच्या नाहीत, कारण दोन ४ ओमच्या जोड्या समांतर म्हणजे २ ओम.

वॉटच्या आकड्यांबद्दल एक इशारा. अमेरिकेत एफटीसीचा (तिथल्या व्यापार आयोगाचा) नियम १९७४ च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याने दोन्ही चॅनेल एकदम चालवून, सलग, ठरावीक फ्रिक्वेन्सी पट्ट्यात आणि ठरावीक विकृतीच्या आत किती वॉट निघतात तेच छापायची सक्ती केली. मोजण्याआधी एक तास एक-तृतीयांश पॉवरवर तापवून. त्याआधीच्या जाहिरातींत "म्युझिक पॉवर", "पीक पॉवर" असले आकडे सर्रास असायचे. आपल्याकडच्या डेकवरचं पीएमपीओ त्याच कुळातलं. १९७५ नंतरच्या रिसीव्हरचे ५० वॉट हे खरे ५० असतात.

तुमच्या तिघांत माझं मत यामाहाला. १०२० चा पॉवर सप्लाय दणकट आहे. आणि त्याचा लाउडनेस ही चालू-बंदची कळ नसून सलग फिरणारा नॉब आहे. व्हॉल्यूम नेहमीच्या मोठ्या पातळीला ठेवायचा आणि लाउडनेस फिरवून आवाज खाली आणायचा. कान हळू आवाजात जो बास हरवतो तो परत मिळतो. शेजारधर्मासाठी याच्याइतकी उपयोगी कळ दुसरी नाही.

---

जुनी_डायल

७० वॉटचा अट्टहास कशाला? केदारराव रात्री हळू आवाजात भीमपलास ऐकणार. सरासरी ७० डीबीला तर वॉटचा दहावा भागही लागत नाही. २२३० तेवढ्यात मस्त गोड वाजतो आणि डायलचा निळा उजेड फुकट.

---

ओमकार_४ओम

सरासरी ७० ला शिखर ९०, म्हणजे वरच्या हिशोबाने ६-७ वॉट. तिथपर्यंत तुमचं अगदी मान्य. घोळ बासच्या नॉबचा आहे. टोन कंट्रोलने बास १० डीबी वाढवला की त्या पट्ट्यात दसपट पॉवर लागते. ६ चे ६० होतात आणि ३० वॉटचा ॲम्प हळू आवाजातही क्लिप होतो. एआर-३ए भिंतीपासून दूर ठेवला तर लोक बास वाढवतातच. २२३० ला ८ ओमचे, थोडे जास्त संवेदनशील स्पीकर द्या, सोन्यासारखा वाजेल. मॅरँट्झच हवा असेल तर २२७० बघा: ७० वॉट, आणि त्याला बास-ट्रेबलसोबत वेगळा मिडचा नॉब आहे. एआरचा मधला पट्टा जरा मागे बसतो, तिथे तो नॉब कामाला येतो.

एसएक्स-७८० बद्दल: त्यात आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर नाहीत, एसटीके पॅक (अख्खा आउटपुट भाग एकाच बंद तुकड्यात) आहेत. रिसीव्हर वाईट नाही, पण पॅक गेला तर अख्खा पॅक बदलायचा. उत्पादन केव्हाच बंद झालंय आणि बाजारात नकली पॅक भरपूर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवाकोरा दिसणारा पॅक हातात दिला तरी आत काय आहे ते लावल्यावरच कळतं. ४ ओमच्या स्पीकरसाठी मी सुट्या ट्रान्झिस्टरचाच घेईन. तेच वॉट पायोनियरमध्ये हवे असतील तर एसएक्स-८५० (६५ वॉट) किंवा एसएक्स-९५० (८५ वॉट) शोधा.

---

सोल्डरताई

व्होल्टेजवर मी लिहिते, कारण इथेच लोक पैसे वाया घालवतात.

पहिली गोष्ट, मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का बघा. युरोपात किंवा अमेरिकी लष्कराच्या दुकानांत विकलेल्या मॉडेलना बऱ्याचदा असतो. ते २२० किंवा २४० वर करून थेट लावता येतात. (तेव्हा फ्यूजही बदलायचा: व्होल्टेज दुप्पट तर अँपिअर निम्मे.) अमेरिकेतल्या नेहमीच्या मॉडेलला मात्र सहसा फक्त १२० ची प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरची लाइनकडची गुंडाळी) असते, आणि पाटीवर "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" एवढंच लिहिलेलं असतं.

अशा रिसीव्हरला आपल्याकडे फक्त व्होल्ट जुळवून भागत नाही, कारण आपली लाइन ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचा गाभा व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात भरतो. तिकडे १२० भागिले ६० म्हणजे २. इथे १२० दिले तर २.४: गाभा २० टक्के जास्त भरतो, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. ११० दिले तर २.२, बहुतेक चांगल्या ट्रान्सफॉर्मरना चालतं. १०० दिले तर बरोबर २, पण मग आतलं व्होल्टेज १७ टक्के घटतं आणि पॉवर जवळपास ३० टक्के. ११० वर ही घट १६ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे ७० चे ५९ वॉट. मी ११० वर चालवेन, तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघेन, आणि हात ठेववत नसेल तर १०५ वर येईन.

म्हणून तयार "ट्रॅव्हल कन्व्हर्टर" घेऊ नका. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत, त्यांना असं सांगा:
– दुहेरी वाइंडिंग, ऑटो नको. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका, पण त्याची एक वायर सामाईक असते. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तर १२० व्होल्टची म्हणून हातात येणारी वायर जमिनीच्या तुलनेत २३० वर असते.
– प्रायमरीला २३० आणि २४०, सेकंडरीला १००, १०५ आणि ११० चे टॅप. तुमच्याकडे रात्री लाइन २४५ पर्यंत चढते का ते आधी मल्टिमीटरने बघा.
– क्षमता पाटीवरच्या वॉटच्या दुप्पट. पाटीवर ३०० वॉट असेल तर ६०० व्हीए.
– प्रायमरीला स्लो-ब्लो फ्यूज. साधा फ्यूज चालू करतानाच्या झटक्याने उडतो.

हा ट्रान्सफॉर्मर रिसीव्हरपासून आणि विशेषतः टर्नटेबलपासून तीन-चार फूट दूर, जमिनीवर ठेवा. कार्ट्रिजजवळ ठेवलात तर फोनोला हमखास हम येणार आणि तुम्ही विनाकारण अर्थिंग शोधत बसणार.

रिसीव्हरच्या मागच्या एसी सॉकेटमध्ये आपलं २३० चं काही लावायचं नाही, तिथे ११० च मिळतात. भाऊ तिथून टर्नटेबलही आणणार असेल तर थांबवा: सिंक्रोनस मोटरचं ६० हर्ट्झचं टर्नटेबल इथे सहाव्या हिश्शाने हळू फिरतं, गाणं जवळपास दीड स्वर उतरतं. पांढरी एकचं काळी पाचच्या खाली जाऊन बसेल.

एफएमचंही सांगते. अमेरिकी मॉडेल ८८ ते १०८ वर ट्यून होतं, त्यामुळे आकाशवाणी आणि खासगी वाहिन्या सगळ्या लागतील. फक्त तिकडचं डी-एम्फसिस (रेडिओने ट्रेबल ठरावीक प्रमाणात खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंदाचं, आपलं ५० चं, त्यामुळे ट्रेबल वरच्या टोकाला तीनेक डीबी दबका येतो. ट्यूनर बोर्डवर दोन्ही चॅनेलचे डी-एम्फसिस कॅपॅसिटर मूळच्या दोन-तृतीयांश किमतीचे लावले की काम झालं. जपानच्या घरच्या बाजारातला रिसीव्हर मात्र चुकूनही घेऊ नका. तो १०० व्होल्टचा आणि एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. इथे फक्त ८८ ते ९० च्या मधलं जे काही असेल तेवढं मिळेल.

---

केदार_कोथरूड

ताई, ओमकार, खूपच धन्यवाद. २२३० आणि ७८० बाद. भाऊ शनिवारी यामाहा बघायला जाणार आहे. त्याला यातलं फार कळत नाही, पण मल्टिमीटर वापरता येतो. विकणाऱ्याच्या घरी काय काय तपासायला सांगू? आणि ते मधूनच चॅनेल जाणं किती गंभीर?

---

सोल्डरताई

तिथे १२० व्होल्ट असल्यामुळे तपासणी सोपी. या क्रमाने करायला सांगा, आणि पहिल्या दोन गोष्टी होईपर्यंत एकही स्पीकर जोडू द्यायचा नाही.

१) व्हॉल्यूम शून्य, स्पीकर ए चालू. बटण दाबल्यावर तीन ते आठ सेकंदांनी रिलेचा "टक" आवाज यायला हवा. आलाच नाही तर प्रोटेक्शन अडवतंय, आत काहीतरी फुटलंय. तिथेच निरोप घ्यायचा.

२) पाच मिनिटांनी मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर, लाल-काळ्या स्पीकर टर्मिनलवर. ५० मिलिव्होल्टच्या आत चांगलं. ५० ते १०० ला ॲडजस्टमेंट लागेल. त्यापुढे दुरुस्ती धरूनच भाव करायचा. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि तो वूफरची कॉइल सेकंदात जाळतो. (सत्तरच्या आगेमागे काही रिसीव्हरमध्ये आउटपुटला मोठा कॅपॅसिटर असतो. त्यांत मीटर नेहमी शून्याजवळच दाखवतो, म्हणून हा आकडा तिथे पुरावा धरायचा नाही.)

३) मग स्वतःचे एखादे टाकाऊ स्पीकर जोडा. चॅनेल गेला की व्हॉल्यूम जरा जोरात वर न्या. जोराने परत आला आणि मग टिकून राहिला, तर ते काळे पडलेले कॉन्टॅक्ट आहेत: रिलेचे, नाहीतर टेप मॉनिटर (टेप डेकचा आवाज ऐकायची कळ) किंवा स्पीकर सिलेक्टरच्या कळीचे. आवाज चालू ठेवून प्रत्येक कळ वीस-तीसदा वर-खाली करा. ज्या कळीला चॅनेल येतो-जातो ती दोषी. हे गंभीर नाही. साफसफाई आणि नवा रिले एवढंच काम.

४) कुठल्याही कळीशी संबंध नसताना चॅनेल हळूहळू खरखरत गेला, किंवा व्हॉल्यूम शून्यावरही पावसासारखी खरखर येत असेल, तर जुने छोटे ट्रान्झिस्टर. त्या काळच्या काही नंबरांचे, उदाहरणार्थ २एसए७२६ आणि २एससी४५८, पाय काळे पडतात आणि ते आवाज करू लागतात. बदलता येतात, जागी केएसए९९२ आणि केएससी१८४५ लावतात, पण पिनांचा क्रम डेटाशीटवर ताडूनच बसवायचे.

५) प्री-आउट आणि मेन-इन (आतल्या प्री आणि पॉवर भागांचे मागचे सॉकेट) यांमधली जोडणी नीट आहे का. काही रिसीव्हरमध्ये ती यू आकाराच्या धातूच्या कड्यांनी केलेली असते आणि एखादं कडं हरवलं की एक चॅनेल मुका. लोक याला "ॲम्प गेला" समजून विकतात. टेप मॉनिटरची कळ दाबलेली राहिली तरी तीच गत.

६) एफएम लावून स्टिरिओचा दिवा लागतो का, आणि फोनोला काही नसलं तरी व्हॉल्यूम वाढवून दोन्ही बाजूंची सरसर सारखी आहे का, एवढं ऐकलं की झालं.

दिवे गेले असतील, डायल अंधारी असेल, तर त्याबद्दल भाव पाडून घ्या. ते काम किरकोळ आहे.

इथे आल्यावर थेट स्टेप-डाउनला लावू नका. २३० च्या बाजूला १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्या, इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड चालेल. आधी नुसता ट्रान्सफॉर्मर लावा, बल्ब जवळजवळ विझलेला हवा. मग रिसीव्हर जोडा. बल्ब क्षणभर भक्कन लागून मंद झाला तर ठीक, तसाच प्रखर राहिला तर बंद करा, शॉर्ट आहे. बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळतं, म्हणून रिले लागला नाही तरी घाबरायचं नाही.

कळा आणि नॉबना डीऑक्सिट डी५, अगदी थोडं, नळी आत घालून. डब्ल्यूडी-४० अजिबात नाही. ते महिनाभर छान चालतं आणि मग धूळ धरून नॉब जाम करतं. आत पिवळट-तपकिरी डिंक दिसला तर खरवडून काढा. तो जुना झाला की विजेला वाट देतो आणि खालचे पाय कुरतडतो.

---

एडिसनकर

पॅकिंगचं तेवढं भावाला सांगा. एकात एक दोन खोकी, मध्ये चारी बाजूंनी दोन-दोन इंच कडक फोम. शेंगदाण्याच्या आकाराचे थर्मोकोल नकोत. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने रिसीव्हर त्यांतून तळाला बसतो आणि पुढचा पॅनल वाकतो. व्हॉल्यूम-ट्यूनिंगचे नॉब काढून वेगळ्या पिशवीत. स्पीकर प्रत्येकी ५३ पौंड, म्हणजे २४ किलो. जाळीच्या आत डोमवर दाब येणार नाही असा पुठ्ठा लावा, डोमला टेकणार नाही इतका उंच.

---

ओमकार_४ओम

रिसीव्हर ठरला, आता स्पीकरकडे वळा. त्यांना न तपासता नवा ॲम्प जोडणं म्हणजे निम्मं काम.

वूफरची कडा. सुरुवातीच्या काही जोड्यांत कापडी, नंतर फोमची. फोम पन्नास वर्षांत बोट लावताच भुगा होतो. जाळी काढून हळूच दाबून बघा, कुरकुरला किंवा चिरला तर री-फोम लागणारच. कडा शाबूत असेल तर पेटी बंद आहे का ते बघा: दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा आत ढकलून सोडा. तो संथपणे, सेकंद-दीड सेकंदात परत आला तर पेटी घट्ट. फटकन आला तर कुठूनतरी हवा गळतेय, बहुधा वूफरच्या गास्केटमधून किंवा कापडी कडेतून.

मागचे दोन नॉब, मिड आणि ट्वीटरचे. १६ ओमचे उघडे पॉट (फिरवून कमी-जास्त होणारे रेझिस्टर) आहेत, आत हमखास हिरवे पडतात. "ट्वीटर गेलाय" म्हणतात त्यातले निम्मे पॉटच असतात. वाजत असताना नॉब हलवा, आवाज आला-गेला तर ट्वीटर जिवंत आहे. वूफर काढून त्याच तोंडातून पॉट बाहेर काढायचा, उघडायचा, तार बारीक पॉलिश पेपरने घासायची, आयसोप्रोपिलने पुसायची. आत ग्लासवूल आहे: मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. ते जेवढं निघेल तेवढंच आणि तसंच परत भरा, कमी-जास्त केलं की बासचा तोल जातो.

क्रॉसओव्हरला (आवाजाचे पट्टे वूफर, मिड आणि ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटला) तीन कॅपॅसिटर: ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरड. मीटरवर १० टक्क्यांहून जास्त हललेले असतील तर बदला. ६ ला फिल्म, ५० आणि १५० ला नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक चालतात. दुकानात १५० नॉन-पोलर नाही म्हणून कुणी साधा प्लस-मायनसवाला देऊ लागला तर परत करा.

मागच्या तीन स्क्रूवर १, २ आणि टी असं लिहिलेलं आहे. ॲम्पच्या वायर १ आणि २ ला. २ आणि टी यांच्यामध्ये छोटी पत्र्याची पट्टी हवीच. ती वाटेत हरवली तर फक्त वूफर वाजतो.

---

केदार_कोथरूड

वायर कोणती घेऊ? रिसीव्हरपासून लांबचा स्पीकर ५ मीटरवर येतोय. आणि रिसीव्हर काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये ठेवला तर चालेल?

---

सोल्डरताई

४ ओमला वायरचा विरोध ५ टक्क्यांच्या, म्हणजे ०.२ ओमच्या आत ठेवायचा. ५ मीटर जाऊन-येऊन १० मीटर होतात: ०.७५ चौरस मिमीला ०.२३ ओम, म्हणजे जरा जास्तच; १.५ ला ०.११, पुरेसं, २.५ घेतलीत तर डोक्याला ताप नाही. तांब्याची, बारीक तारांची लवचिक वायर, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची. महागड्या नावाची गरज नाही.

शोकेस नको. ४ ओमवर हा रिसीव्हर चांगला तापणार. वर किमान ४ इंच मोकळी जागा हवी, मागची बाजू उघडी, आणि झाकणाच्या जाळीवर डीएसी, राउटर, एलपीचं कव्हर काहीही ठेवायचं नाही. ३ मीटरवरून डायल तशीही दिसते.